सीईए वाढलाय म्हणून फोन करणाऱ्या सगळ्यांसाठी

अधूनमधून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "अगं, ते सीईए का काय ते जास्त आलंय, कॅन्सर तर नाही ना?" सीईए म्हणजे रक्तात मोजतात ते एक प्रोटीन, काही कॅन्सरमध्ये वाढतं, असल्या खुणेला मार्कर म्हणतात. मी डॉक्टर नाही, नागपुरात एका लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या मशीनपाशी बसणारी बाई आहे, पण नातेवाइकांच्या हिशोबात पांढरा कोट घातला की सगळे सारखेच. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळेस लिंक पाठवली की झालं.

यावेळचा फोन काकाजींचा होता. त्यांनी कुठल्यातरी ऑफरमध्ये फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं, सकाळी पोरगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ आली, पंधरा-वीस पानं, कोलेस्टेरॉल, थायरॉईड, व्हिटॅमिन डी, आणि अगदी शेवटी 'कॅन्सर मार्कर' अशा झोकदार हेडिंगखाली सीईए ६.१, ठळक लाल अक्षरात, रेफरन्स ५ पर्यंत. बस. रात्री साडेदहाला फोन. "पोरी, हे काय होऊन राहिलं?" मागून काकूंच्या रडण्याचा आवाज, आणि बंगलोरचा चुलतभाऊ तिकडून पेट स्कॅनचे, म्हणजे अख्ख्या शरीरात कॅन्सर शोधायच्या स्कॅनचे, रेट काढत बसलेला. मी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, की काकाजी, सिगरेट सुटली का? तर नाही. कॉलेजपासून ओढतात, आता साठी उलटली.

मग सिगरेट ओढणाऱ्याचा सीईए ६ येणं यात नवल ते काय. तंबाखूच्या धुरानं सीईए वाढतो हे आमच्या लाईनमधल्या कुणालाही झोपेत विचारा, सांगेल. लिव्हरचा त्रास असेल, स्वादुपिंडाला सूज असेल, आतड्याची जुनी सूज असेल तरी वाढतो. रिपोर्टवर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतंच, पण लाल आकडा दिसल्यावर बारीक अक्षरं कोण वाचतं. आणि पॅकेज विकणाऱ्यानं फॉर्मवर सिगरेटचा साधा कॉलमसुद्धा ठेवला नव्हता, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

सीईए तसा म्हातारा मार्कर. १९६५ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना तो सापडला, मोठ्या आतड्याच्या गाठीत होता आणि गर्भातल्या बाळाच्या आतड्यात होता, निरोगी मोठ्या माणसाच्या आतड्यात मात्र त्यांना दिसला नाही. तेव्हा सगळ्यांना वाटलं की झालं, रक्ताच्या एका ट्यूबमध्ये कॅन्सर पकडायची सोय आली. पण जसजसे पेशंट तपासत गेले तसतसं कळलं की गाठ लहान असताना सीईए बऱ्याचदा नॉर्मलच असतो आणि भलत्याच कारणांनी मात्र वाढतो. त्यामुळे आज त्याचं खरं काम वेगळं आहे. ज्याला कॅन्सर आहे हे आधीच माहीत आहे त्याचं ऑपरेशनच्या आधी एकदा बघायचं, आणि ऑपरेशननंतर दर काही महिन्यांनी बघत राहायचं, हळूहळू चढायला लागला तर रोग परत येतोय का ते शोधायचं. या कामाला तो चांगला आहे. धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला वापरू नका असं गाईडलाईन्स कधीच्या सांगतायत. तरी पॅकेजमध्ये असतो, कारण टेस्ट स्वस्त पडते आणि 'कॅन्सर' शब्द टाकला की पॅकेज महाग विकता येतं, हे माझं मत, कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

आणि उगाच घाबरलेल्या काकाजींपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती सीईए २ आला म्हणून पेढे वाटणाऱ्याची. संडासच्या जागेतून रक्त जातंय, पण सीईए नॉर्मल आहे नं, मग मूळव्याध असेल, म्हणून सहा-सहा महिने चूर्ण घेत बसणारे लोक मी बघितलेत.

आता मुद्द्याचं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ती म्हणजे तो सावकाश येतो. बहुतेक वेळा आधी आतड्याच्या आतल्या अस्तरावर एक कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात, त्यातले काही वाढत जातात आणि कोंबापासून कॅन्सरपर्यंत जायला साधारण दहा वर्षं लागू शकतात, कधी कमी, कधी जास्त. १९९० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये फेअरॉन आणि व्होगेलस्टाईन या दोघांनी याचा जीन्सच्या पातळीवरचा नकाशा मांडला. म्हणजे आधी बहुतेकदा एपीसी नावाचा जीन बिघडतो, मग केरास, मग आणखी काही आणि शेवटाकडे पी ५३. प्रत्येक पेशंटमध्ये हाच क्रम असतो असं नाही, पण एकामागून एक बिघाड साठत जातात ही गोष्ट पक्की. आणि पॉलिप असतानाच सापडला तर कोलोनोस्कोपीत, म्हणजे खालून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघतात त्यात, तारेचा फास टाकून तिथल्या तिथे काढतात, कॅन्सर पुढे होतच नाही. लवकर सापडणं वेगळं आणि होऊच न देणं वेगळं. स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये एवढी सोय नाही.

त्यामुळे कुठलीही नवीन टेस्ट बाजारात आली की मी एकच आकडा आधी शोधते. कॅन्सर किती पकडला हा नाही, तो तर जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतोच. मोठे, धोक्याचे पॉलिप किती पकडले हा.

या चष्म्यातून रक्ताच्या टेस्टकडे बघा. अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये शील्ड नावाच्या रक्ताच्या टेस्टला एफडीएची, म्हणजे तिकडच्या औषधं आणि टेस्ट मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याची, मंजुरी मिळाली, गार्डंट कंपनीची. रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे घेऊन त्यातून गाठीचे तुकडे ओळखतात, त्यावरचे मिथाईलचे ठसे (ते काय ते पुढे सांगते) वगैरे बघून. त्यांच्या एक्लिप्स नावाच्या अभ्यासात जवळपास आठ हजार माणसांचे निकाल मोजले, सगळ्यांची कोलोनोस्कोपीही केलेली, त्यात ६५ जणांना कॅन्सर निघाला आणि टेस्टनं त्यातले ५४ पकडले, म्हणजे ८३ टक्के. छान. रक्त द्यायला कुणी लाजत नाही, त्यामुळे बातम्याही जोरात आल्या. पण पुढचे दोन आकडे वाचा. धोक्याच्या पॉलिपवाल्यांपैकी टेस्ट पॉझिटिव्ह आली १३.२ टक्क्यांत. आणि ज्यांच्या आतड्यात तसलं मोठं काही नव्हतं त्यांच्यापैकी पॉझिटिव्ह आली १०.४ टक्क्यांत. म्हणजे पॉलिप असला काय आणि नसला काय, टेस्टला जवळजवळ सारखंच. मी हा पेपर रात्रपाळीत वाचत होते आणि हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघितले तेव्हा खरं सांगते, चहा गार झाला.

असं का होतं तेही सरळ आहे. पॉलिप अस्तराच्या वरच्या बाजूला बसलेला असतो, त्याच्या पेशी झडतात त्या आतड्याच्या पोकळीत, मळाबरोबर बाहेर. रक्तात त्याचा डीएनए नीट दिसण्याइतका यायला गाठीनं सहसा भिंतीत मुळं धरावी लागतात. म्हणजे रक्तात लवकर बघायचं म्हटलं तरी जरा उशीरच होणार, मशीन कितीही भारी आणा. ज्यांना दुसरं काहीच करायचं नाही त्यांच्यासाठी शील्ड काहीच न करण्यापेक्षा बरीच बरी, हे मान्य. पण 'रक्तातून कॅन्सर ओळखा' हे वाक्य आता आपल्याकडच्या जाहिरातींतही यायला लागलंय, तेव्हा पॉलिपचा आकडा कुठे लिहिलाय ते विचारत चला.

तर मग मळच तपासायचा. इथे घरात सगळ्यांची तोंडं वाकडी होतात, काकाजींची पण झाली.

मळात डीएनए शोधायची गोष्ट जुनी आहे. १९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्याच सिड्रान्स्की आणि मंडळींनी आतड्याच्या गाठी असलेल्या पेशंटच्या मळात बिघडलेला रास जीन (वरचा केरास याच कुटुंबातला) शोधून दाखवला. अवघड काम, कारण मळातला बहुतेक डीएनए जंतूंचा असतो, त्यात माणसाचा किंचित, आणि त्यात गाठीचा अजून किंचित, म्हणजे आषाढीला पंढरपुरात देवळाबाहेर काढलेली आपली चप्पल संध्याकाळी शोधायची तसला प्रकार. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलचे डेव्हिड अल्क्विस्ट यावर वर्षानुवर्षं खपले आणि एक्झॅक्ट सायन्सेस कंपनीबरोबर त्यातून कोलोगार्ड ही टेस्ट तयार झाली, एफडीएची मंजुरी ऑगस्ट २०१४. यात केरासमधले बिघाड बघतात, एनडीआरजी ४ आणि बीएमपी ३ या दोन जीन्सवर मिथाईल चढलंय का ते बघतात, आणि वर हिमोग्लोबिनही मोजतात, म्हणजे मळात रक्त आहे का ते.

मिथाईलचं जरा सांगते कारण सगळी गंमत तिथे आहे. जीनची अक्षरं बदलली तर त्याला म्युटेशन म्हणतो. पण अक्षरं तीच ठेवून नुसता त्यांच्यावर मिथाईलचा बारीक रासायनिक गट चिकटला तरी तो जीन बंद पडू शकतो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे असं चिकटणं फार लवकर, पॉलिपच्या काळातच सुरू होतं, आणि ठरावीक जागांवर होतं. म्युटेशन प्रत्येक पेशंटमध्ये वेगळ्या ठिकाणी असू शकतं, सगळ्या जागा शोधत बसावं लागतं, मिथाईल मात्र बऱ्याच जणांमध्ये त्याच त्याच जागी सापडतं. लॅबमध्ये डीएनएला बायसल्फाईट लावतात, मिथाईल नसलेलं सी अक्षर बदलतं, मिथाईल असलेलं तसंच राहतं, मग पीसीआरनं दोघांमधला फरक कळतो. शोधणाऱ्याला याच्याइतकं सोयीचं काय पाहिजे.

२०१४ च्या अभ्यासात जवळपास दहा हजार माणसं होती. कोलोगार्डनं कॅन्सर पकडले ९२.३ टक्के, त्याच माणसांवर केलेल्या मळातलं नुसतं रक्त शोधायच्या साध्या टेस्टनं, म्हणजे फिटनं, ७३.८ टक्के. धोक्याचे पॉलिप ४२.४ विरुद्ध २३.८ टक्के. उलट बाजूही आहे, ज्यांना काही नाही त्यांना उगाच पॉझिटिव्ह सांगण्याचं प्रमाण कोलोगार्डमध्ये १३ टक्क्यांच्या वर, फिटमध्ये ५ च्या आसपास. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती मंजूर झाली, कोलोगार्ड प्लस, आणि त्यात काय केलं, तर केरास काढूनच टाकला! नवीन मिथाईल मार्कर घेतले तीन, हिमोग्लोबिन ठेवलं. ज्या म्युटेशनपासून सगळी कथा सुरू झाली तेच घरी बसलं. केरासचा बिघाड निरुपद्रवी कोंबांतही सापडतो, त्यामुळे मला तरी यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. खोटे पॉझिटिव्ह कमी झाले, कॅन्सर ९३.९ टक्के पकडले, पण पॉलिप? ४३.४. म्हणजे दहा वर्षं घासून तिथे जेमतेम एक टक्का. म्हणून मी म्हणते की खरा किल्ला अजून सर व्हायचाय. शिवाय एका टेस्टची किंमत पाचशे-सहाशे डॉलरच्या आसपास आणि अख्खा मळ डब्यात भरून कुरिअरनं पाठवायचा.

आणि दोन्ही टेस्टमध्ये हिमोग्लोबिन ठेवलंच आहे बरं का. म्हणजे एवढं सगळं मॉलेक्युलर करून शेवटी रक्ताचा थेंब शोधणं सुटलेलं नाही.

ते काम एकटं करणारी टेस्ट म्हणजे फिट. माझा मावसभाऊ ॲबर्डीनला असतो, यंदा पन्नाशीचा झाला, आणि स्कॉटलंडमध्ये पन्नास पूर्ण झाले की तिथल्या डंडी शहरातून घरी पोस्टानं किट येतं, फुकट, मग दर दोन वर्षांनी, ७४ पर्यंत. त्यानं किटचा फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला, ऐन दिवाळीत, चकलीच्या दोन फोटोंच्या मधोमध. मावशी तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण फोटो बघण्यासारखा होता. बोटाएवढी प्लास्टिकची नळी, झाकणाला जोडलेली बारीक काडी, तिच्या टोकाला खाचा. काडी मळावरून फिरवायची, खाचांत जेवढं भरेल तेवढंच बास, नळीत परत खोचून झाकण दाबायचं, तारीख लिहायची, पाकिटात टाकून पोस्टात. आत थोडं द्रावण असतं त्यात हिमोग्लोबिन टिकून राहतं. लॅबमध्ये माणसाच्याच ग्लोबिनला, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रोटीनला, चिकटणाऱ्या अँटिबॉडी लावलेले बारीक मणी टाकतात, रक्त असेल तर मणी गोळा होतात, द्रावण गढूळ होतं, मशीन तो गढूळपणा मोजून आकडा देते. पूर्वीच्या ग्वायाक टेस्टमध्ये निळा रंग आला की पॉझिटिव्ह, आणि तो रंग मटण खाल्लं तरी यायचा, मुळा खाल्ला तरी यायची भीती. फिटला मटण-मुळ्याचं घेणंदेणं नाही. आणि जठरात कुठे रक्त आलं तर त्यातलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं, त्यामुळे फिट पॉझिटिव्ह म्हणजे भानगड बहुतेक खालीच.

आता यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगितली की कुणी विश्वास ठेवत नाही. किती हिमोग्लोबिनला पॉझिटिव्ह म्हणायचं हे देशागणिक वेगळं! स्कॉटलंडनं सुरुवात केली ती एका ग्रॅम मळामागे ८० मायक्रोग्रॅमवर, इंग्लंडनं १२० वर, अमेरिकेत २० वर पॉझिटिव्ह धरतात. म्हणजे ५० आलेला माणूस शिकागोत असता तर कोलोनोस्कोपीच्या टेबलवर, आणि लंडनमध्ये असता तर 'पुढच्या तपासणीची गरज नाही' असं पत्र. रेष कुठे ओढायची हे त्या देशाकडे कोलोनोस्कोपी करणारे हात किती आहेत यावर ठरतं. रेष खाली ओढली की जास्त लोक पॉझिटिव्ह, तेवढ्यांची कोलोनोस्कोपी कोण करणार?

आपल्याकडे तर कार्यक्रमच नाही. सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड एवढेच तीन कॅन्सर आहेत, आणि आपले आकडे बघता त्यात चूक काही नाही. २०२२ च्या अंदाजात भारतात आतड्याच्या कॅन्सरचे वर्षाला साधारण ७० हजार नवे रुग्ण, आपल्या लोकसंख्येत हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी. सगळ्यांना किट वाटली तर बहुतेक पॉझिटिव्ह मूळव्याध आणि आतड्याच्या इन्फेक्शनचेच निघतील. पण एक गोष्ट खटकते, टाटा मेमोरियलमध्ये आलेल्या रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आतच निघालंय, आणि बरेच जण रोग पुढे गेल्यावर पोचलेले. म्हणजे पन्नासला किट पाठवून यांच्यातल्या अर्ध्यांना काही उपयोग झाला नसता. अमेरिकेनं २०२१ मध्ये तपासणीचं वय पन्नासवरून ४५ वर आणलं ते याच भीतीनं, तिकडे तरुणांत वाढतोय.

म्हणून माझ्यापुरतं मी फोनवर असं सांगते. रक्त दिसलं, शौचाची सवय बदलली, पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय घसरलं, तर कुठलाही मार्कर करू नका, ना सीईए ना आणखी काही, सरळ पोटाच्या डॉक्टरकडे जा, तो बोट घालून तपासेल, लाज वाटली तर वाटली. आईवडील किंवा भावंडांत कुणाला आतड्याचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला असेल, किंवा एकाच घरात आतडं आणि गर्भाशय असे कॅन्सर दिसत असतील, तर लिंच सिंड्रोमबद्दल विचारा. यात डीएनएच्या चुका दुरुस्त करणारे एमएलएच १, एमएसएच २ असे जीन जन्मापासूनच बिघडलेले असतात, आणि त्या घरच्यांना फिट पुरत नाही, वर्षा-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपीच लागते. काही त्रास नाही, घरात कुणाला नाही, वय ४५ च्या पुढे, आणि तरी काहीतरी करायचंय, तर डॉक्टरला विचारून फिट. आणि लॅबमध्ये विचारून घ्या की फिट आहे की जुनी रंगाची टेस्ट, कारण रिपोर्टवर दोन्हीला स्टूल ऑकल्ट ब्लडच लिहितात. आमच्याकडे फिटचं कार्ड आहे, कोविडमध्ये घरोघरी आलं होतं तसलं, रेघ आली का नाही एवढंच सांगतं, आकडा देत नाही.

काकाजींचं पुढे काय झालं ते सांगते. डॉक्टरांनी पेट स्कॅन उडवून लावला, सिगरेटवरून झापलं, सीईए काही आठवड्यांनी परत बघू म्हणाले, तो तेवढाच आला, आणि वय बघता कोलोनोस्कोपी करून टाका म्हणाले. ती काकाजी करेनात. मग निदान फिट तरी, म्हणून मी नळी नेऊन दिली. पण महिना मे, बाहेर ४५. हिमोग्लोबिन गरमीत खराब होतं, इटलीत फ्लोरेन्सच्या भागात अभ्यास झालाय की उन्हाळ्यात फिट पॉझिटिव्ह यायचं प्रमाण हिवाळ्यापेक्षा कमी भरतं, आणि तिकडचा उन्हाळा आपल्यापुढे काय! स्कूटरच्या डिक्कीत दुपारभर नळी राहिली तर पॉझिटिव्ह नमुना निगेटिव्ह व्हायचा. म्हणून मी म्हटलं, सकाळी घेतली की पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी मी येऊन नेते.

"माझ्या फ्रिजमधे?" काकू म्हणाल्या. "लोणच्याच्या बरणीपाशी? कोलोनोस्कोपीला किती खर्च येते सांग, मी देते पैसे."